ज्ञानकोशाचा उंबरठा आणि स्थानिक वाहिनी

मराठी समीक्षेने कविता, कथा, आत्मकथन यांच्या मूल्यमापनासाठी पुष्कळ शाई खर्च केली. कोशातील नोंद मात्र तिने वाङ्मय म्हणून फारशी वाचली नाही. नोंद म्हणजे माहिती, माहिती म्हणजे वस्तुस्थिती, आणि वस्तुस्थितीला जात नसते, असा आपल्या विद्वानांचा समज आहे. तो तपासून पाहण्याची वेळ माझ्यावर एका किरकोळ निमित्ताने आली.

कोळवण खोऱ्यातील माझ्या चार विद्यार्थ्यांनी एका ऑनलाइन ज्ञानकोशासाठी नोंद लिहिली. विषय होता आमच्या भागात काही वर्षे चाललेली आणि नंतर बंद पडलेली एक केबल वाहिनी. वाहिनी म्हणजे काय, तर भाड्याची एक खोली, एक कॅमेरा, एक व्हीसीआर आणि खांबाखांबावरून ओढत नेलेली वायर. तिच्यावर गावची जत्रा दिसे, कुस्त्यांचा फड दिसे, भजनाची बारी, कुणाच्या तरी लग्नाची हळद, ग्रामपंचायतीच्या मतमोजणीनंतरचा गुलाल, आणि चौदा एप्रिलची मिरवणूकही दिसे. पोरांनी लिहिलेली नोंद चार दिवसांत उडाली. कारण दिले होते, 'उल्लेखनीयता सिद्ध होत नाही, स्वतंत्र संदर्भ नाहीत.' पोरे चिडली. त्यातला एक म्हणाला, "सर, आपण वाड्यातले म्हणून उडवली." मी म्हणालो, "आधी आपलीच नोंद पुन्हा वाच."

आम्ही ती मोठ्याने वाचली. 'अल्पावधीत घराघरांत पोहोचलेली लोकप्रिय वाहिनी' अशी सुरुवात होती. पुढे चालकाचा सत्कार, त्याच्या हस्ते झालेली उद्घाटने, जोडणीचा दर आणि फोन नंबर. मजकूर चालकानेच पूर्वी छापलेल्या पत्रकातून उचललेला होता. आणि ज्या मिरवणुकीसाठी या पोरांना ही वाहिनी आठवत होती, ती मिरवणूक 'विविध महापुरुषांच्या जयंत्या' या तीन शब्दांत संपली होती. बाबासाहेबांचे नावसुद्धा नव्हते. ही काटछाट कोणा सवर्ण संपादकाने केलेली नव्हती. आमच्याच पोरांनी, नोंद 'कोशासारखी' दिसावी म्हणून, स्वतःच्या हाताने केली होती.

तेव्हा पहिली गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ती नोंद उडवणाऱ्याने योग्य तेच केले. कोशाने जाहिरात छापू नये, ऐकीव गोष्ट वस्तुस्थिती म्हणून सांगू नये, वाहिनीच्या नोंदीचे रोजच्या कार्यक्रमांचे वेळापत्रक करू नये, हे निकष कठोर आहेत आणि कठोरच असले पाहिजेत. दलित म्हणून आम्हांला सवलतीचे गुण द्या, अशी मागणी या पानांवरून कोणी करू नये. ज्यांच्याविषयी शतकानुशतके पुराणे आणि माहात्म्ये लिहून खोटे पसरवले गेले, त्यांनाच पुराव्याच्या काटेकोरपणाची गरज सर्वांत जास्त आहे. माझा आक्षेप निकष कडक आहे याला नाही. ज्या उंचीवरून तो मोजतो, ती उंची कोणाच्या अंगाप्रमाणे ठरली आहे, हा माझा प्रश्न आहे.

नोंदीचे पहिले वाक्य म्हणजे व्याख्या. व्याख्येतच अर्धा निवाडा होऊन जातो, हे आपल्याला बाबासाहेबांनी शिकवले आहे. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिसंस्थेवरील निबंधात त्यांनी आरंभीच सेनार, नेसफील्ड, रिस्ले आणि केतकर या चौघांच्या व्याख्या समोर मांडल्या आणि प्रत्येकीत काय निसटले ते दाखवले. त्यांतले केतकर म्हणजेच पुढे महाराष्ट्रीय ज्ञानकोश उभारणारे श्रीधर व्यंकटेश केतकर. मराठीतील पहिल्या मोठ्या ज्ञानकोशाचा कर्ता जातीचा अभ्यासक होता आणि त्याची व्याख्या तपासणारा पहिला तोलामोलाचा वाचक एक अस्पृश्य विद्यार्थी होता, ही गोष्ट कोशवाङ्मयाच्या इतिहासात ठळक अक्षरांत असावयास हवी. बाबासाहेबांनी केतकरांना झिडकारले नाही. त्यांचे श्रेय त्यांना दिले, आणि मग केतकरांनी जी दोन लक्षणे वेगवेगळी म्हणून दिली होती ती एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत, हे दाखवले. टीका करावी तर अशी.

तीच रीत आपण इथे लावू. 'स्थानिक दूरदर्शन केंद्र' म्हणजे काय? आज जगभर वापरल्या जाणाऱ्या मुक्त ज्ञानकोशांतील या विषयाचे संपादकीय संकेत मुख्यतः अमेरिकेतील केंद्रांवर लिहिता लिहिता घडले. तिथे प्रत्येक केंद्राला सरकारी आयोगाचा परवाना असतो, ठरलेले गाव असते, इंग्रजी अक्षरांचे बोधनाम असते. परवाना आहे म्हणजे केंद्र नोंदीस पात्र, असे तेथील संपादक बरीच वर्षे धरून चालत. अलीकडे त्यांनीच ते सैल धोरण सोडले आणि वृत्तपत्रांत, पुस्तकांत स्वतंत्रपणे लिहिले गेले आहे काय, हे विचारू लागले. त्यांच्या देशापुरते हे सुधारणेचे पाऊल म्हणता येईल.

आपल्याकडे काय घडले? जमिनीवरच्या मनोऱ्यावरून दूरचित्रवाणी प्रक्षेपित करण्याचा हक्क या देशात सरकारने स्वतःकडेच ठेवला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते आकाशवाणीचा भाग म्हणून. १ एप्रिल १९७६ ला दूरदर्शन वेगळे झाले. रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये सांगितले. त्याच वर्षी केबलचा कायदा झाला आणि तोवर कोणत्याही कायद्याशिवाय गल्लोगल्ली वायर टाकणाऱ्या केबलवाल्याला मुख्य टपाल कार्यालयात नोंदणी करावी लागली. म्हणजे आपल्याकडची खरीखुरी स्थानिक वाहिनी परवान्याच्या मनोऱ्यावर कधी चढलीच नाही. ती टपालखात्याच्या फॉर्मवर नोंदली गेली. परवाना हा पात्रतेचा निकष मानला तर आपल्या हाती सरकारी केंद्रे तेवढी उरतात. तो काढून वृत्तपत्रीय दखल हा निकष मानला, तर ज्यांची दखल वृत्तपत्रांनी घेतली तेवढे उरतात. दोन्ही वाटांनी कोळवण बाहेरच राहते.

इथे कोणी म्हणेल, वृत्तपत्रे तरी स्वतंत्र आहेत ना? ती कोणापासून स्वतंत्र आहेत, हे विचारले पाहिजे. कोशाच्या भाषेत 'स्वतंत्र' म्हणजे ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्याशी पैशाचा किंवा नोकरीचा संबंध नसलेला. १९२० च्या जानेवारीत 'मूकनायक' निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, हे चळवळीत सर्वांना ठाऊक आहे. आता आजच्या निकषाची फूटपट्टी त्या दिवसाला लावून पाहा. 'केसरी'चा 'मूकनायका'शी कसलाही आर्थिक संबंध नव्हता. तेव्हा तो स्वतंत्र संदर्भ. त्याने दखल घेतली नाही. तेव्हा 'मूकनायक' उल्लेखनीय नाही. उलट शिवराम जानबा कांबळे यांच्या 'सोमवंशीय मित्र'सारख्या पुण्यातल्याच पत्राने लिहिले असते, तर ते 'जवळचे', म्हणून बाद. पैशाचे नाते कोशाला दिसते, जातीचे नाते दिसत नाही. गप्प बसण्याची एक सामूहिक शिस्त असते, आणि ती मोडली गेली नाही याला हा निकष 'पुराव्याचा अभाव' असे सभ्य नाव देतो.

आणि पैशाचे नाते तरी त्याला नीट दिसते काय? तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या मराठी वृत्तपत्रांच्या वार्ताहरांची स्थिती आपण जाणतो. त्यांतल्या कित्येकांचा निर्वाह पगारावर होत नाही. तो वाढदिवसाच्या आणि अभिनंदनाच्या जाहिरातींच्या कमिशनवर होतो. ज्याने जाहिरात दिली त्याच्या कार्यक्रमाची बातमी लागते. ही बातमी कोशाला 'स्वतंत्र संदर्भ' म्हणून चालते, आणि चार वस्त्यांत हिंडून एखाद्या विद्यार्थ्याने तयार केलेली टिपणवही चालत नाही! मी वृत्तपत्रे टाकून द्या म्हणत नाही. बातमी वाचताना तिचा खर्च कोणी केला, हे संपादकाने विचारावे, एवढेच म्हणतो.

मुंबई केंद्रावरच्या नोंदी कशा असतात ते पाहण्यासारखे आहे. उद्घाटनाची तारीख, वरळीच्या मनोऱ्याची उंची, रंगीत प्रक्षेपण १९८२ मध्ये, गाजलेल्या कार्यक्रमांची नावे: 'गजरा', 'प्रतिभा आणि प्रतिमा', 'आमची माती आमची माणसं'. पुढे उपग्रह वाहिनी आणि 'सह्याद्री' हे नाव. यातले काही खोटे नाही. परंतु ज्या १९७२ साली हे केंद्र सुरू झाले त्याच साली त्याच शहरात दलित पँथरची स्थापना झाली. ५ जानेवारी १९७४ रोजी वरळीच्या बीडीडी चाळींत पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्च्यावर दगड पडले आणि भागवत जाधव मारला गेला. दूरदर्शनचे केंद्र या चाळींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मनोऱ्याची उंची सांगणाऱ्या नोंदीने, त्या आठवड्यात शेजारच्या चाळींतून उठलेला धूर या केंद्राने पडद्यावर दाखवला की नाही, एवढा एक प्रश्न स्वतःला विचारावयास नको काय? संदर्भ नाहीत म्हणून तो विचारता येत नाही, ही सबब इथे चालणार नाही. या दंगलींवर न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग बसला होता, वृत्तपत्रांच्या फायली आहेत, केंद्राची स्वतःची दप्तरे आहेत. साधने आहेत, ती उघडण्याची बुद्धी 'प्रसारणाचा इतिहास' या सदराखाली कोणाला होत नाही. कारण प्रसारणाचा इतिहास म्हणजे यंत्रांचा आणि निवेदकांचा इतिहास, अशी व्याख्या आधीच ठरून गेलेली आहे.

स्थानिक वाहिनीवरची नोंद कशी असू शकते याचे उदाहरण शेजारच्या गुजरातेत सापडते. १९७५ ते ७६ या वर्षात उपग्रहाच्या साह्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी नेण्याचा प्रयोग झाला. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. याच सुमारास खेडा जिल्ह्यात पीज येथे कमी शक्तीचा एक प्रक्षेपक बसवला गेला. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातील मंडळींनी त्यावरून आसपासच्या शेकडो गावांसाठी गुजराती कार्यक्रम केले. संच सार्वजनिक जागी ठेवलेले असत. कार्यक्रमांत गावकरीच बोलत, त्यांच्याच बोलीत. किमान वेतन, जमीनदाराची पिळवणूक, अस्पृश्यता, दारू हे विषय त्यांत येत. कार्यक्रम झाल्यावर लोकांना काय वाटले ते विचारून पुढचा कार्यक्रम बेतला जाई. १९८४ मध्ये या प्रकल्पाला युनेस्कोचे ग्रामीण संप्रेषणाचे पारितोषिक मिळाले. पुढे तो बंद पडला.

या प्रकल्पावर नोंद लिहायची तर प्रक्षेपकाची शक्ती आणि सुरू झाल्याची तारीख देऊन भागत नाही. संच कोणाच्या दारात ठेवला, तिथे कोण येऊ शकत होते, पडद्यावर कोणाची बोली ऐकू आली, कोणता विषय कोणाला बोचला, हे सांगितल्यावाचून नोंद पुरी होत नाही. आणि इथे ते सांगता येते, कारण संशोधकांनी ते लिहून ठेवले. हाच निकष मग इतर केंद्रांना का लावू नये? पीजला जे विचारले ते वरळीला विचारा. केंद्र मोठे आहे म्हणून प्रश्न लहान करायचे, हा कोणता न्याय?

संच कोणाच्या दारात ठेवला, हा प्रश्न मला पुस्तकातून सुचलेला नाही. १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र झाले आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडे दिसू लागले. आमच्या खोऱ्यात संच फार उशिरा आले, आणि डोंगराच्या आडोशामुळे चित्रात मुंग्या फार. मी शाळेत असताना आळीतल्या एका घरी संच होता. रविवारी संध्याकाळी सिनेमा लागला की अँटेना फिरवायला वाड्यातल्या पोराला हाक मारत, कारण कौलांवर चढायला आम्ही हलके आणि फुकट. मी छपरावरून ओरडायचो, "आलं का?" आतून आवाज यायचा, "गेलं, गेलं, परत फिरव." चित्र स्थिर झाले की मी खाली उतरून अंगणात, उंबऱ्याबाहेर बसायचो. छपराला आमचा विटाळ होत नसे. जमिनीला होत असे. हे सांगताना मला आज राग येत नाही, हसू येते. पण दूरचित्रवाणीच्या 'प्रेक्षकसंख्ये'त मी कुठे मोजला गेलो असेन, घरातल्या प्रेक्षकांत की तांत्रिक कर्मचाऱ्यांत, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

कर्मचाऱ्यांवरून आठवले. वाहिन्यांच्या नोंदींत माणसांची नावे घालण्याविषयी एक संकेत मुक्त ज्ञानकोशांत रूढ आहे. ज्याच्यावर आधीच स्वतंत्र लेख आहे, किंवा ज्याच्याविषयी भक्कम संदर्भ आहे, त्याचेच नाव केंद्राच्या यादीत घ्यावे. हेतू समजण्याजोगा आहे. नाही तर प्रत्येक चालक आपल्या मेहुण्याचे नाव घुसवील. पण याचा परिणाम काय होतो? ज्याचे नाव आहे त्याचेच नाव येते. पडद्यावर दिसणारा निवेदक येतो. दिवे लावणारा, वायर ओढणारा, गटारीत उतरून तुटलेली केबल जोडणारा येत नाही. नावाला नाव चिकटत जाणे ही आपल्याला अनोळखी रीत नव्हे. सर्वांची नावे लिहा, असे माझे म्हणणे नाही. माणसाचे नाव येत नसेल तर निदान कामाचे वर्णन यावे. वाहिनी कोणाच्या श्रमावर चालली हे एका वाक्यात तरी यावे. कोशाच्या कुठल्याही नियमाने त्याला मनाई केलेली नाही.

तर्कतीर्थांच्या संपादनाखाली वाईला सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते. १९७६ च्या पहिल्या खंडापासून ही पद्धत आहे आणि मला ती चांगली वाटते. कोण बोलतो आहे ते कळते. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात खाली नाव नसते, पण प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो आणि चर्चेचे पान असते. तेही चांगले आहे. विश्वकोशाशी असा वाद घालण्याची सोय वाचकाला नव्हती. नव्या माध्यमात दार उघडे आहे, हे मान्य करावे लागेल. आपली मंडळी मात्र त्या दारातून आत जात नाहीत. गेली तर जयंतीच्या दिवशी जातात, भावनेने दोन विशेषणे घालतात, आणि दुसऱ्या दिवशी ती निघाली की अन्याय झाला म्हणून परत येतात. विशेषण हा पुरावा नव्हे. 'महामानव' हा शब्द नोंदीत राहिला की गेला यावर भांडण्यात आपण जी शक्ती घालवतो तिच्या दहाव्या हिश्श्यात एक पक्की तारीख शोधता येते. नागपुरातून चालणाऱ्या 'आवाज इंडिया' आणि 'लॉर्ड बुद्धा' या वाहिन्यांवर किती जणांनी पुराव्यानिशी लिहिले? दीक्षाभूमीचे चित्रण लाखोंनी पाहिले. त्या चित्रणामागचा हिशेब, माणसे, अडचणी यांवर एक धड निबंध लिहायला आपल्यातला कोणी बसत नाही. मग कोश संदर्भ आणणार कुठून?

कोशाचा आणखी एक नियम आहे: इथे मूळ संशोधन करू नये; आधी दुसरीकडे छापा, मग इथे त्याचा हवाला द्या. माझ्या मते यातच आपले काम सांगितलेले आहे. ते 'दुसरीकडे' म्हणजे ही आपली त्रैमासिके आणि आपल्या महाविद्यालयांतील प्रबंध. त्यांना 'पक्षपाती' म्हणून नाकारतील, ही भीती मला ठाऊक आहे. पण पक्ष असणे आणि पुरावा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुरावा पानोपानी दिसू लागला की नाकारणाऱ्याला कारण लिहून द्यावे लागते. चर्चेच्या पानावर ते कारण कायम राहते.

विद्यार्थ्यांना मी हेच सांगितले. चालकाचे पत्रक बाजूला ठेवा. केबलवर करमणूक कर होता; २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर येईपर्यंत तो सरकारजमा होत होता, तेव्हा महसूल खात्याच्या नोंदवहीत जोडण्यांचा आकडा असणार. चालकाने सांगितलेला आकडा आणि कर भरलेला आकडा यांतला फरक हाच तुमच्या निबंधाचा पहिला परिच्छेद. पोरांनी पौडला तहसील कचेरीत माहितीच्या अधिकाराखाली अर्ज दिला आहे. टपाल कार्यालयातल्या नोंदणीच्या फॉर्मसाठी दुसरा अर्ज लिहून तयार आहे. वाड्यातल्या सात म्हाताऱ्यांच्या मुलाखती टेपवर झाल्या. त्यातल्या एका आजीने वाहिनीविषयी एवढेच सांगितले, "माझा लेक नाचताना दिसला व्हता त्यात, पाच मिन्टं."

ती पाच मिनिटे आम्ही शोधत आहोत. चालकाच्या माळ्यावर व्हीएचएस कॅसेटींनी भरलेली दोन खोकी निघाली. कडेला पेनाने लिहिले आहे: जत्रा, कुस्ती, हळद, भजन. आमच्या मिरवणुकीची कॅसेट, असली तर, ज्यांच्यावर काहीच लिहिलेले नाही अशा अकरा कॅसेटींत आहे. त्यांतल्या चारांना बुरशी लागली आहे. "घेऊन जा मास्तर, मला काय करायच्यात," असे म्हणून त्याने खोकी दिली. चालू स्थितीतला व्हीसीआर कोळवणमध्ये कोणाकडे उरलेला नाही. दोन पोरे तो शोधायला पुण्याच्या जुन्या बाजारात गेली आहेत.